लाल, हिरवं आणि शेडकाकांचा शर्ट

गाडी डावीकडे वळली की कण्हायची आणि उजवीकडे वळली की कुरकुरायची. सरळ रस्त्यावर मात्र अगदी शहाण्यासारखी वागायची. पण ड्रायव्हिंगची टेस्ट काही सरळ रस्त्यावर घेत नाहीत. काकू पहिल्या टेस्टला नापास झाल्या त्या रिव्हर्समध्ये, दोन खांबांच्या मधे गाडी घालताना. स्टिअरिंग जात्यासारखं जड झालेलं, त्यात कुंपणापलीकडून त्यांचे यजमान, म्हणजे काका, दोन्ही हातांनी खुणा करत होते. त्या खुणा बघायला काकूंनी मान वळवली आणि खांब आडवा झाला. खांब प्लास्टिकचा होता, पण इन्स्पेक्टर नव्हता.

आता दुसरी टेस्ट तोंडावर आली होती. दुसऱ्यांदा नापास झालं की शिकाऊ परवाना रद्द आणि सगळं पहिल्यापासून, असा नियम होता. काकूंनी चेहऱ्यावर दाखवलं नाही, पण त्यांचा जीव त्या लायसन्समध्ये अडकला होता. त्यांची आई गावाच्या दुसऱ्या टोकाला, धाकट्या भावाकडे राहायची. गुडघ्यांमुळे तिचं बाहेर पडणं बंद झालं होतं. तळ्याकाठी जाऊन बसायचं, एवढी एकच इच्छा ती अधूनमधून बोलून दाखवायची. भाऊ नेतो म्हणाला तर ती मान हलवायची. "त्याच्या गाडीत बसायचं म्हणजे त्याच्या घड्याळाप्रमाणे उठायचं. तू लायसन्स काढ, मग येते मी," असं तिनं काकूंना सांगून ठेवलं होतं. म्हणून काकू या वयात ड्रायव्हिंग शिकत होत्या, आणि म्हणूनच गाडीचं कण्हणं त्यांच्या थेट काळजाला भिडत होतं.

काकांना गाडी येत नव्हती असं नाही. त्यांच्याकडे लायसन्स होतं. पण काकांचं सगळं आयुष्य रंगाच्या कारखान्यात शेड जुळवण्यात गेलेलं. दोन डब्यांतल्या रंगात कुणालाही दिसणार नाही इतका फरक असला तरी तो काकांना दारातूनच दिसायचा. त्यामुळे कारखान्यात आणि इमारतीत सगळे त्यांना शेडकाका म्हणत. कुणाला सोफ्याच्या कापडाला जुळणारा दोरा हवा असो, कुणाला भिंतीवरचा पोपडा गुपचूप रंगवायचा असो, माणूस आधी काकांकडे यायचा. अशा माणसाला रस्त्यावर सोडणं बरोबर नाही. एकदा पुढच्या गाडीचं मागचं दार पुढच्या दारापेक्षा किंचित निळसर वाटलं, म्हणून खात्री करून घ्यायला काका तिच्यामागोमाग गेले आणि भलत्याच वसाहतीत एका अनोळखी बंगल्याच्या फाटकाशी पोचले. त्या दिवशी काकूंनी किल्ली काढून घेतली. तेव्हापासून काका ड्रायव्हरशेजारी बसत आणि सिग्नलला काच खाली करून बाजूच्या गाडीवाल्याला सांगत, "दार बदललंय ना? शेड चुकलीय." लोक काय उत्तर देत ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तर या कण्हण्यावर पहिलं निदान केलं समोरच्या दारातल्या बँकवाल्यांनी. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते सगळ्या जगाचे हिशोब तपासत. त्यांनी काकूंना कंपाउंडमध्ये गाडी वळवायला लावली, डोळे मिटून आवाज ऐकला आणि म्हणाले, "पॉवर स्टिअरिंगचं तेल कमी झालंय. नवीन घाला, मोकळे व्हा."

बॉनेट उघडून पाहिलं तर खरंच टाकीतलं तेल खालच्या खुणेच्याही खाली गेलं होतं. काकांची छाती उगीचच दोन बोटं फुगली. "हे माझ्यावर सोड," ते काकूंना म्हणाले. "टेस्टच्या आत तुझं स्टिअरिंग लोण्यासारखं करून देतो." काकूंनी बरं म्हटलं. इतक्या वर्षांच्या संसारात 'माझ्यावर सोड' हे त्यांनी बऱ्याचदा ऐकलं होतं.

काका स्पेअर पार्टच्या दुकानात गेले.

"पॉवर स्टिअरिंग फ्लुइड द्या."

"कुठलं?" दुकानदार म्हणाला.

"चांगलं."

"वाईट मी ठेवतच नाही हो. तुमच्या गाडीला कुठलं चालतं?"

काकांनी गाडीचं मॉडेल सांगितलं, साल सांगितलं. दुकानदारानं कपाळाला हात लावला. "नेमकं तेच साल! त्या वर्षी कंपनीनं मधेच फ्लुइड बदललं. आधीच्या गाड्यांना लाल, नंतरच्यांना हिरवं. तुमची आधीची का नंतरची ते देवाला ठाऊक. गाडीचं पुस्तक असेल ना?"

पुस्तक नव्हतं. गाडी काकूंच्या याच धाकट्या भावाकडून घेतलेली. त्यानं ते पुस्तक जेवणाच्या टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली ठेवलं होतं आणि पुढे घर बदलताना टेबलाबरोबर तेही गेलं. टाकीच्या झाकणावरची अक्षरं तर कधीच झिजून गेली होती.

"काहीही घालून चालणार नाही का?"

"घाला की. एकावर दुसरं पडलं की आतली रबरी सीलं फुगतील. मग गाडी नुसती कण्हणार नाही, रडेल." मग त्याला दया आली असावी. "एवढं काय त्यात? झाकण काढा, आत कुठला रंग आहे बघा आणि मला येऊन सांगा."

रंग बघा! निवृत्त झाल्यापासून काकांना जगानं घातलेली ही पहिली योग्य हाक होती. ते घरी आले ते जवळजवळ तरंगतच. पांढरा स्वच्छ चमचा, सकाळचा उत्तरेकडचा उजेड, पांढऱ्या कागदाची पार्श्वभूमी, अशी सगळी शास्त्रोक्त तयारी करून त्यांनी टाकीतून चमचाभर फ्लुइड काढलं आणि निरखून पाहिलं.

ते लाल नव्हतं. हिरवंही नव्हतं. ते तपकिरी होतं. कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर 'जळका अक्रोड', जरासा काळपटाकडे झुकलेला.

दुसरा कुणी असता तर गोंधळला असता. काका गोंधळले नाहीत, आणि तिथंच घात झाला. लाल आणि हिरवं एकत्र केलं की तपकिरी होतं, हे बालवाडीतलं पोरही सांगेल. म्हणजे टाकीत कुणीतरी लालावर हिरवं ओतलं होतं. आणि हे कुणीतरी कोण, हे शोधायलाही फार लांब जायची गरज नव्हती. काकांनी मेहुण्याला फोन लावला.

"तुम्ही स्टिअरिंगच्या टाकीत काय काय ओतलंत ते खरं सांगा."

"मी? भाऊजी, स्टिअरिंगला टाकी असते?"

"लाल आधी घातलंत की हिरवं?"

"अहो, बॉनेट कसं उघडतात हेच मला माहीत नाही. इतकी वर्षं गाडी वापरली, एकदासुद्धा उघडलं नाही. शपथेवर सांगतो."

"म्हणजे कबूल करायचं नाही, असंच ना?" असं म्हणून काकांनी फोन ठेवला. मेहुण्यानं लगेच बहिणीला फोन केला. काकूंनी भावाचं सगळं ऐकून घेतलं, नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि किल्ली घेऊन सरावाला निघून गेल्या. त्या रोज सकाळी बाजाराच्या मागच्या मोकळ्या मैदानात जाऊन दोन विटा उभ्या करत आणि त्यांच्या मधे गाडी रिव्हर्स घालत. कण्हणं इमारतीपर्यंत ऐकू यायचं.

काकांनी मग कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. बराच वेळ वाजंत्री ऐकवल्यावर एका गोड आवाजाच्या मुलीनं विचारलं, "सर, नोंदीसाठी गाडीचा रंग सांगाल का?"

असा प्रश्न इतक्या आदरानं काकांना कुणी विचारला नव्हता. ते सावरून बसले. "मूळचा धुरकट मोतिया. पण बॉनेट उन्हानं पिवळट पडलंय, आणि मागचा उजवा मडगार्ड एकदा रंगवलाय, तिथं शेड अर्धी-पाव इकडे तिकडे आहे. मी केलेलं नाही ते."

"सर, आमच्याकडे फक्त पांढरा असं लिहिता येतं."

"पांढरा?"

"हो सर. पांढरा लिहू?"

काकांनी फोन ठेवून दिला. काही प्रश्नांना उत्तर देण्यात आपलीच अप्रतिष्ठा असते. त्यानंतर बराच वेळ ते खिडकीतून खाली गाडीकडे बघत बसले होते. आपल्या गाडीला कुणीतरी पांढरी म्हणालं, हे तिला कळू नये असं त्यांना वाटत होतं.

फ्लुइडचा निकाल लागेपर्यंत टेस्ट पुढे ढकलावी, हा विचार त्यातूनच आला. काका परवान्याच्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं.

"तारीख बदलायचं कारण?"

"स्टिअरिंग फ्लुइडचा रंग जुळत नाही."

"असं कारण कारणांमध्ये नाही. आजारपण, बदली किंवा जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू. यातलं काय आहे?"

काकांनी क्षणभर विचार केला. "जवळच्या नातेवाइकांत मेहुणा येतो का?"

"येतो. कधी वारले?"

"नाही, अजून तसं काही नाही," काका म्हणाले आणि मागच्या रांगेनं त्यांना बाजूला सारलं.

आता उरला तो एकच मार्ग, आणि तो काकांच्या योग्यतेचा होता. टाकीत मिश्रण असेल तर वर घालायलाही तसंच मिश्रण हवं, त्याच प्रमाणातलं, त्याच शेडचं. काकांनी दुकानातून लाल बाटली आणली, हिरवी आणली. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. चहाचे कप, डोळ्यांत औषध घालायचा ड्रॉपर, पांढरी बशी असा सरंजाम मांडला आणि बाह्या सरसावून ते कामाला लागले. एक थेंब लाल, दोन थेंब हिरवे. नाही, फार शेवाळी. पुन्हा लाल. आता विटकरी झालं. कितीतरी दिवसांनी त्यांची नजर अशी एकाग्र झाली होती. कारखान्यातली नवी मुलं अशा वेळी थेंब टिपकागदावर टाकत. थेंब कागदात पसरला की त्यात मिसळलेले रंग कडेकडेला वेगळे होऊन दिसतात. काका त्या मुलांची कीव करायचे. टिपकागद डोळे नसलेल्यांसाठी असतो, असं ते तोंडावर सांगत. त्यांनी स्वतः आयुष्यात कधी टिपकागदाला हात लावला नव्हता आणि आता लावण्याचं काही कारणही नव्हतं.

दुपार कलता कलता शेड जुळली. एका बशीत टाकीतलं जुनं, दुसऱ्या बशीत काकांनी केलेलं नवं. बशा अदलाबदल केल्या तर काकांनाही ओळखू येईना. काकांचा ऊर भरून आला. असा क्षण एकट्यानं साजरा करणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी बँकवाल्यांना बोलावून आणलं.

"सांगा, यातलं जुनं कुठलं?"

बँकवाल्यांनी दोन्ही बशांचा वास घेतला. "शेडकाका, तुम्ही तेल घालताय की घर रंगवताय? रंगबिंग काय घेऊन बसलात? गाडीला काय डोळे असतात?"

रंगबिंग! काकांनी शांतपणे दार उघडलं आणि बँकवाले बाहेर जाईपर्यंत ते तसंच धरून ठेवलं. त्यानंतर दोन्ही घरांत बोलणं बंद झालं. बँकवाल्यांच्या हे लक्षात आलं नाही, ही गोष्ट वेगळी.

तेवढ्यात दुपारच्या जादा सरावाहून काकू आल्या. घामाघूम, बाह्या वर केलेल्या. टेबलाकडे पाहून त्या दारातच थांबल्या.

"काय चाललंय?"

"तुझं लायसन्स तयार करतोय."

"माझ्या चहाच्या कपांत?"

"कप धुता येतील गं. आधी हे बघ! हुबेहूब! आता टाकीत ओततो, की उद्या एका बोटानं स्टिअरिंग फिरव."

काकू खुर्चीवर बसल्या. "दुकानदार काय म्हणाला होता? एकावर दुसरं ओतायचं नाही. आणि तुम्ही ते टाकीत जायच्या आधीच ओतून ठेवलंय."

"पण टाकीत तेच आहे! तुझ्या भावानंच..."

"माझ्या भावानं नाही मिसळलं."

"कशावरून?"

"तो आळशी आहे. लहानपणी दुधात साखर घालून दिली तरी ढवळायचा नाही. तो कशाला लाल आणेल, हिरवं आणेल, बॉनेट उघडेल? आळशी माणसावर उगीच आळ घेऊ नका." मग त्यांनी कप बाजूला सरकवला. "टाकीत एक थेंबही जाणार नाही. उद्या आहे त्याच स्टिअरिंगवर मी टेस्ट देणार."

"अगं, ते जड आहे! मागच्या वेळी तुझे हात भरून आले होते!"

"मागच्या वेळी. इतके दिवस तुम्ही दुकानं फिरत होतात, तेव्हा मी गाडी फिरवत होते."

काकांना मनातून फार वाईट वाटत होतं. माझ्यावर सोड म्हणालो आणि बायकोला कण्हत्या गाडीत बसवून परीक्षेला पाठवतोय, हा विचार त्यांच्या डोक्यातून जाईना. टेस्टहून येताना दुकानात थांबून आपलं मिश्रण बरोबर आहे की नाही ते एकदा विचारून घ्यावं, एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं. म्हणून त्यांनी टाकीतलं जुनं फ्लुइड औषधाच्या एका छोट्या बाटलीत भरलं, बूच लावलं आणि सकाळी ती बाटली शर्टाच्या खिशात ठेवली. शर्ट नवा पांढराशुभ्र होता. काकूंनी खास आजच्यासाठी इस्त्री करून दिला होता. देताना त्या एवढंच म्हणाल्या, "हे घाला. आणि मैदानावर खुणा करू नका."

परवान्याच्या कार्यालयामागच्या टेस्टच्या मैदानाला जाळीचं कुंपण होतं. काका कुंपणाशी उभे राहिले, हात मागे घट्ट बांधून. काकूंच्या आधी एक तरुण होता, तो उतारावर गाडी बंद पाडून परत आला. मग एक मुलगी गेली, ती खांब आडवा करून रडत बाहेर आली. काकांना तो खांब आपल्याच छातीवर पडल्यासारखा वाटला. ते जाळीला आणखी चिकटले. त्यात खिशातली बाटली दाबली गेली आणि तिचं बूच केव्हा सुटलं ते त्यांना कळलं नाही.

काकूंचं नाव पुकारलं गेलं. त्या स्टिअरिंगसमोर बसल्या, पट्टा लावला, आरसा बघितला. शेजारी इन्स्पेक्टर बसला. हा तोच, मागच्या वेळचा. गाडी निघाली आणि पहिल्याच वळणावर असं काही कण्हली की कुंपणाशी उभे असलेले सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी खांद्यापासून जोर लावून स्टिअरिंग फिरवलं, वळण पुरं केलं, दुसरं घेतलं. काकांना वाटलं, अरे, ही तर चालवतेय! मनातलं सगळं तसंच ओरडून सांगावं म्हणून त्यांनी हात सोडले, लगेच काकूंची ताकीद आठवली आणि नजर खाली वळवली. तेव्हा त्यांना आपला खिसा दिसला.

खिशावर तपकिरी डाग पडला होता. कपड्यातून चांगला तळहाताएवढा पसरला होता. मधे काळपट, घट्ट, चिखलासारखा गोळा. त्याच्याभोवती तपकिरी. आणि सगळ्यात बाहेर, पांढऱ्या सुतात हळूहळू पुढे सरकत, स्वच्छ गुलाबी लाल कडा.

काका त्या कडेकडे बघतच राहिले. शर्ट टिपकागद झाला होता. हिरवं असतं तर हिरवी कडा निघाली असती. हिरव्याचा तिथं मागमूस नव्हता. टाकीत मिश्रणबिश्रण काही नव्हतंच. ते लालच होतं, मूळचं, एकटं, आणि वर्षानुवर्षं न बदलल्यामुळे मळून अक्रोडी झालेलं. मेहुणा खरंच बोलला होता. त्यानं बॉनेट कधीच उघडलं नव्हतं!

"लाल!" काका ओरडले. "लाल आहे! हिरवं नाहीच!"

मैदानात काकूंनी नेमका रिव्हर्स टाकला होता. दोन खांबांच्या मधलं ते वळण. काका कुंपणाच्या कडेनं पळत सुटले. एका हातानं शर्ट पुढे ओढून धरलेला, दुसऱ्या हाताचं बोट छातीवरच्या डागाकडे. "शुद्ध लाल! अगं, तुझा भाऊ निर्दोष आहे! निर्दोष!" कुणीतरी पाणी आणायला धावलं. कुणाला वाटलं यांना काहीतरी लागलंय. खिडकीतला कारकून बाहेर येऊन उभा राहिला आणि यांनीच मेहुण्याच्या मरणाची चौकशी केली होती, असं शेजारच्याला सांगू लागला.

गाडीत इन्स्पेक्टरनं विचारलं, "ते कोण आहेत?"

"आमचेच," आरशावरची नजर न काढता काकू म्हणाल्या. "आता सरळ मागे घेऊ ना?"

गाडी कण्हत कण्हत मागे आली, दोन खांबांच्या अगदी बरोबर मधे थांबली. खांब हललासुद्धा नाही. काकूंनी हँडब्रेक ओढला, गिअर काढला आणि मगच मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. ते जाळीला लोंबकळून शर्ट दाखवत होते.

इन्स्पेक्टर उतरला. खिडकीतून हात घालून त्यानं स्टिअरिंग स्वतः एकदा फिरवून बघितलं, त्याच्यानं ते जेमतेम फिरलं. "हे असलं स्टिअरिंग घेऊन तुम्ही..." त्यानं वाक्य अर्धवटच सोडलं. "बाई, वळणं सगळ्यांना शिकवता येतात. बाहेर इतका गोंधळ चालू असताना हात स्थिर ठेवणं शिकवता येत नाही. कुठे शिकलात?"

"घरीच," काकू म्हणाल्या.

काकू पास झाल्या. काकांनी कुंपणाशी असलेल्या प्रत्येकाला ते सांगितलं, मग ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही सांगितलं. रडणाऱ्या त्या मुलीला त्यांनी सरावाला विटा वापरायचा सल्ला दिला. कारकुनापाशी जाऊन, मेहुणा सुखरूप आहे, असंही कळवलं. दुकानात जाताना ते एकाच वेळी दोन गोष्टी सांगत होते, बायको पास झाली आणि फ्लुइड लाल निघालं, आणि यातला जास्त आनंद कशाचा हे त्यांच्या बोलण्यावरून ओळखता येत नव्हतं. दुकानदारानं शर्ट नीट पाहिला, कडेवर नख ठेवून पाहिलं आणि जुनं सगळं काढून नवंकोरं लाल भरून दिलं. एका गळक्या नळीची पट्टीही त्यानं आवळली. काकांनी तिथूनच मेहुण्याला फोन लावला.

"तुमचं अभिनंदन. तुम्ही खरंच काहीच केलं नव्हतं."

"तेच तर मी सांगत होतो, भाऊजी."

"इतकी वर्षं काहीच न करायला पण चिकाटी लागते," काका मनापासून म्हणाले. बाजूला उभ्या असलेल्या काकूंनी फोन काढून घेतला आणि आईला द्यायला सांगितला.

परत येताना गाडी पहिल्यांदाच गप्प होती. काकू सरळ रस्त्यानं छान आल्या. पण कंपाउंडच्या फाटकातून आत वळताना त्यांनी सवयीप्रमाणे खांद्यापासून जोर लावला, आणि स्टिअरिंग लोण्यासारखं गरकन फिरलं. गाडी थेट बँकवाल्यांच्या कुंड्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. बँकवाले धावत खाली आले. "माझी जास्वंद! शेडकाका, हे काय?"

काका घाईनं उतरले. त्यांनी कुंड्यांकडे पाहिलंही नाही. काच खाली असलेल्या खिडकीतून हात आत घालून त्यांनी स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवून दाखवलं. "बघा! एका बोटानं! रंगबिंग म्हणाला होतात ना?" आणि बोलणं बंद आहे हे त्या भरात ते साफ विसरले. काकू मात्र उतरून मुकाट्यानं माती गोळा करू लागल्या. नव्या कुंड्या काकांनीच आणल्या, आणि त्या उरलेल्या कुंड्यांशी इतक्या जुळल्या की कुठल्या नव्या ते बँकवाल्यांना आजही सांगता येत नाही.

शर्ट धुवायचा नाही, असं काकांनी ठरवलं. काकूंनी विरोध केला नाही. तो डाग तसाच ठेवून शर्ट कपाटात टांगला गेला, आणि घरी येणाऱ्याला आधी लायसन्स दाखवलं जायचं, मग शर्ट.

पुढच्या रविवारी काकूंची आई तयार होऊन खालीच खुर्ची टाकून बसली होती. किती वेळापासून, ते भावानं सांगितलं नाही. ती ड्रायव्हरशेजारी बसली, गुडघे नीट जुळवले, पट्टा लावून घेतला. काका आयुष्यात पहिल्यांदा मागच्या सीटवर बसले. रस्ताभर आई लेकीच्या हातांकडे बघत होती. एका वळणावर तिनं हळूच विचारलं, "जड जात नाही ना गं?"

"नाही आई. आता हलकं झालंय."

तळ्याच्या अलीकडच्या सिग्नलला गाडी थांबली. बाजूला दुसरी गाडी येऊन उभी राहिली. तिचं पुढचं दार बदललेलं होतं आणि शेड चुकली होती. थोडीथोडकी नाही, धडधडीत चुकली होती. राखाडीत निळं सांडलेलं, आंधळ्यालाही दिसावं असं. काकूंनी आरशात पाहिलं. मागे काका काच खाली करत होते. काकूंनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि आता काय ऐकावं लागतंय याची वाट बघत राहिल्या.

बाजूच्या माणसानं मान वळवली. "काय हो?"

काकांनी त्या दाराकडे एकवार पाहिलं. मग पुढे बसलेल्या दोघींकडे पाहिलं.

"काही नाही," ते म्हणाले. "आमची बायको चालवतेय."

आणि त्यांनी काच वर केली.